त्या दिवशी मुखवट्यात कोण होतं

४ फेब्रुवारी

ती. ताई,

तुला एक नमस्कार, आईला दोन. बातमी आधीच सांगून टाकतो, नाहीतर तू पत्र शेवटून वाचायला घेशील. मला सिनेमा मिळाला. या खेपेला प्रेत नाही, पहारेकरी नाही, गर्दीतला तिसरा माणूस नाही. सिनेमाचं नाव अजून ठरलेलं नाही, पण ज्याच्यावरून ते ठरेल तो मी.

लगेच हुरळून जाऊ नकोस. गोष्ट अशी आहे की एका बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात पाच-सहा तरुण पोरंपोरी मजा करायला जातात आणि मुखवटा घातलेला एक माणूस त्यांना एकेक करून चाकूने मारतो. तो मुखवटेवाला मी. सुरुवातीपासून शेवटपर्यंत मी आहेच, फक्त माझं तोंड कुठेच नाही. मी दिग्दर्शकाला विचारलं, हा माणूस या पोरांना मारतो तरी का? तो म्हणाला, “तू आधी नीट मारायला शीक, मारण्याचं कारण मी मागाहून शोधतो.” हे गृहस्थ आजवर साबणाच्या जाहिराती करायचे.

मुखवटा कागदाच्या लगद्याचा आहे, वरून पांढरा रंग. डोळ्यांची भोकं जरा वाकडी पडली आहेत, त्यामुळे समोरचं दिसतं आणि पायाखालचं दिसत नाही. परवा माझा पाय बादलीत अडकला आणि मी तसाच खडखडत चाललो, तर दिग्दर्शक खूष. म्हणे, असाच लंगडत चाल. चाकू दोन आहेत. एक रबरी, माणसं भोसकायला. दुसरा खरा, दारात खुपसायला आणि पात्याची चमक दाखवायला.

सिनेमात सगळ्यात आधी जी मरते ती मुलगी एरवी एका वकिलाच्या कचेरीत टायपिंग करते, म्हणून सगळे तिला टकटक म्हणतात. ओरडता ओरडता तिला मध्येच हसू फुटतं, मग मलाही फुटतं, आणि पुन्हा पहिल्यापासून. कारखान्याची गल्ली ओसाड आहे, म्हणून काम सुटलं की मी तिला बसथांब्यापर्यंत सोबत करतो. काल म्हणाली, “दिवसभर मला मारता आणि संध्याकाळी राखण करता. आईला सांगितलं तर ती चक्रावून जाईल.” तू भुवया उंचावण्याआधी सांगतो, तसलं काही नाही. अजून.

आईला मोठं काम मिळालंय एवढंच सांग, कसलं ते नको. तिच्या पोटदुखीचं काय?

तुझा
छोट्या

१५ फेब्रुवारी

चि. छोट्या,

आशीर्वाद. तुझं पत्र दुकानात गिऱ्हाईक नसताना उघडलं आणि चष्म्यांच्या काचा पुसता पुसता एकटीच हसत बसले. इतकी वर्षं लोकांच्या दारात तोंड दाखवत फिरलास, आणि दार उघडलं तेव्हा तोंडावर लगदा थापला! आईने एकच विचारलं, “त्यात तो मरतो का?” मी म्हटलं, नाही, तो सगळ्यांना पुरून उरतो. तेवढ्यावर तिचं समाधान झालं. आता शेजारच्या वहिनींना रोज नव्याने सांगते.

पण हे पत्र गमतीसाठी नाही. पोटदुखी म्हणजे साधी पोटदुखी नाही, गाठ आहे. गल्लीतले डॉक्टर म्हणतात की ऑपरेशन करावं लागेल आणि ते इथे होणार नाही. मोठ्या इस्पितळात नंबर लावलाय, पण तिथली रांग मारुतीच्या शेपटासारखी. काल रात्रीपासून ताप आहे, पाणीसुद्धा ठरत नाही. शुद्धीत असली की तुझं नाव घेते, नसली तरी तुझंच घेते. काम नवीन आहे हे समजतं मला. तरी दोन दिवस ये.

आणि ‘अजून’ एवढं लिहून तू जी अर्धी ओळ कोरी सोडलीस, ती मी वाचली. आईला सांगितलेलं नाही. बरी झाली की सांगू.

ताई

२७ फेब्रुवारी

ती. ताई,

सुखरूप पोचलो. आईच्या अंगात ताप नाही ना आता? मी निघताना तिने हात सोडला नव्हता, ते सारखं आठवतं.

इथे काम सध्या बंद आहे. मी तिकडे असताना कारखान्यात लहानसा अपघात झाला, कुणाला तरी लागलं. काळजी करण्यासारखं नाही.

एक कर. कुणी चौकशीला आलं तर मी त्या दोन दिवसांत घरी आलो होतो असं सांगू नकोस. मी न विचारता आलो होतो, कळलं तर काम जाईल. आईलाही बजावून ठेव.

छोट्या

९ मार्च

चि. छोट्या,

तुझी कंपनी म्हणजे देवमाणसं रे! गेल्या आठवड्यात एक गृहस्थ आले. इस्त्रीचे कपडे, हातात फळांची पिशवी, बोलणं मधासारखं. तुमच्या आईची तब्येत बरी नाही असं कळलं, म्हणाले. बोलता बोलता दोनदा विचारलं की तो मध्यंतरी येऊन गेला का. मी चेहरा सरळ ठेवून सांगितलं, त्याला कामातून सवड कुठे. आई झोपली होती म्हणून बरं, नाहीतर तिने तू कसा उशाशी बसून होतास, चमच्याने पाणी कसं पाजलंस, सगळं गाऊन दाखवलं असतं. ते गृहस्थ समाधानाने गेले आणि चौथ्या दिवशी मोठ्या इस्पितळातून निरोप आला की खाट मिळाली. ज्या दारात आमचा नंबर लागत नव्हता, तिथले मोठे सर्जन स्वतः बघणार आहेत. ऑपरेशन महिनाअखेरीस.

मी एवढी आनंदात आहे आणि तुझं एका ओळीचं कार्डही नाही. न विचारता रजा घेतली म्हणून काढून टाकणारी माणसं अशी फळं घेऊन येतात का, हेही मला कळलं नाही. आणि आधीच्या पत्रात त्या टकटकचं पानभर कौतुक होतं, या पत्रात नावही नाही. ‘कुणाला तरी लागलं’ म्हणजे कुणाला?

ताई

१८ मार्च

ती. ताई,

तुझ्यापासून लपवायला गेलो आणि तू बरोबर तिथेच बोट ठेवलंस. लागलं ते तिलाच. चाकू पोटात दोनदा गेला.

मी दुपारच्या गाडीने तुमच्याकडे निघालो तेव्हा तिला सांगायलाही वेळ मिळाला नव्हता. दुसऱ्या दिवशी माझ्याविना काम अडलं. सिनेमाला पैसा पुरवणाऱ्या मालकांचा मुलगा दोस्तांना घेऊन गंमत बघायला आला होता. तो म्हणाला, मी करतो, आत कोण आहे ते कुणाला कळणार? त्याला माझा डगला आणि मुखवटा चढवला. टकटक तोंड रंगवून येईपर्यंत तो तयार उभा होता. तिला वाटलं, मीच.

दृश्य असं होतं की मुखवटेवाल्याने दारात खरा चाकू खुपसायचा, दार ढकलून आत यायचं, तिथे थांबायचं, चाकू बदलायचा, मग तिच्यावर धावून जायचं. दोस्त बघत होते. तो थांबलाच नाही. दारातून उपसलेला चाकू तसाच घेऊन गेला.

कॅमेरावाल्याने मला हे सांगितलं. सांगताना रडत होता. ती ओरडली आणि या वेळी हसली नाही. दिग्दर्शकाला वाटलं, पोरीला एकदाचं जमलं. तो म्हणाला, चालू ठेवा, कुणी मध्ये येऊ नका. ताई, ती मला हाक मारत होती. “अहो थांबा, खरंच लागतंय,” म्हणत होती. हे शब्द कागदावर नव्हते, तरी दिग्दर्शक म्हणाला, असू दे, मागून काढून टाकू. मग दुसरा वार झाला. फरशीवरचं रक्त रंगासारखं दिसेना, तेव्हा कॅमेरावाल्याने स्वतःहून यंत्र बंद केलं.

मी परतलो तेव्हा मालकांच्या खोलीत तिघेजण माझी वाट बघत होते. म्हणाले, अपघातच आहे. नटाच्या हातून झाला तर कामातली चूक, थोडक्यात मिटेल. मुलाच्या हातून झाला असं बाहेर गेलं तर त्याचं आयुष्य धुळीला मिळेल. मुखवट्यात तू होतास एवढंच लिहून दे. पुढच्या सिनेमात तू नायक, उघड्या तोंडाने. आणि तुझ्या आईचंही आम्ही बघतो. बाकी सगळ्यांना पुढचं काम हवंय, त्यांनी आधीच माना डोलावल्या होत्या. मी विचार केला, झालेलं काही न झालेलं होत नाही. सही केली. ते फळंवाले गृहस्थ तुझ्याकडे कशाला आले होते ते आता तुला कळलं असेल.

सही करताना मला एकच सुचलं नाही. तिला वाटेल की मीच. काल इस्पितळात भेटायला गेलो. मला बघताच तिने चादर डोळ्यांपर्यंत ओढली आणि भिंतीकडे वळायला गेली, पण टाके ओढले गेले म्हणून कण्हली. तिची आई आमच्या दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली. माझ्या हातांकडे बघत राहिली. कंपनीचा माणूस दारात होता. मी फळं ठेवून आलो. मीही फळंच ठेवली.

मला खरं सांगायचंय. निदान तिला तरी. तू काय म्हणतेस?

छोट्या

२४ मार्च

चि. छोट्या,

तुझं पत्र वाचलं आणि दुकानाचं दार लावून घेतलं. पोटात दोन वार घेऊन ती मुलगी तिथे पडली आहे आणि तिच्या डोक्यात तुझं तोंड आहे. तू आईच्या उशाशी होतास. ते दोन दिवस तुझे होते, आईचे होते. ते तू दुसऱ्याच्या पोराला देऊन टाकलेस.

रागावून हे लिहिलं. आता जे लिहिते आहे ते लिहिताना मला माझीच लाज वाटते आहे. आईचं ऑपरेशन पुढच्या सोमवारी आहे. तू आज तोंड उघडलंस तर उद्या तिची खाट जाईल. सर्जन आज तिला बघून गेले. आता उशीर नको, म्हणाले.

ऑपरेशन होईपर्यंत गप्प बस. ती मुलगी सावरते आहे असं तूच लिहिलं आहेस...

लिहिलेलं नाहीस. तसं मला वाटून घ्यायचं आहे. तरीही थांब. आई बाहेर आली की मी स्वतः तुझ्याबरोबर तिच्याकडे येईन आणि तू त्या दिवशी कुठे होतास ते माझ्या तोंडाने सांगेन.

ताई

६ एप्रिल

ती. ताई,

आईचं ऑपरेशन नीट झालं ही तार मिळाली त्याच दिवशी दुपारी टकटक गेली. जखमेत पू झाला होता, तो रक्तात पसरला.

मी थांबलो होतो. तू म्हणालीस म्हणून नाही, मला स्वतःलाच बरं वाटलं होतं थांबायला. तुझ्या डोक्यावर हे घेऊ नकोस.

शेवटच्या दोन दिवसांत तिला भान नव्हतं असं परिचारिकेने सांगितलं. मी विचारलं, त्याआधी काही बोलली का? तिने मला ओळखलं असावं. ती दुसऱ्या खाटेकडे निघून गेली.

आता प्रकरण कामातल्या चुकीचं राहिलं नाही. उद्या मला नेतील. मी पोलिसांना खरं सांगून पाहिलं. त्यांनी माझीच सही माझ्यासमोर धरली. मालकांच्या मुलाला परगावी पाठवलंय. दिग्दर्शक काल भेटला. मला वाटलं, तो माफी मागेल. तो म्हणाला, उरलेलं काम दुसरा माणूस घेऊन पूर्ण करतोय, मुखवटा आहे म्हणून बरं. मी विचारलं, ते दृश्य? म्हणाला, “ते ठेवणार. तसं पुन्हा कुणी करू शकणार नाही.”

मी त्याच्या अंगावर धावून गेलो. लोकांनी धरलं. बघणाऱ्यांना वाटलं असेल, हा आहेच तसा.

छोट्या

१४ एप्रिल

चि. छोट्या,

हे पत्र तुझ्या हातात पडेपर्यंत मी वकिलाला भेटलेली असेन. गप्प बस म्हणणारी मी होते. ते माझ्या डोक्यावरून उतरणार नाही आणि मी ते उतरवायलाही जाणार नाही.

रडत बसण्यापेक्षा दारोदार फिरले. ते दृश्य घेतलं त्या दुपारी गल्लीतल्या डॉक्टरांनी तुझ्यादेखत आईला सुई टोचली होती. ते साक्षीला येतो म्हणाले. शेजारच्या वहिनींनी तुला त्यांच्या हाताने जेवायला वाढलं होतं, त्याही येणार. त्यांचे यजमान नको म्हणत होते, तर म्हणाल्या, मी जेवायला वाढलेला माणूस दुसरीकडे कुणाला कसा मारेल? कॅमेरावाल्याला मी पत्र लिहिलं, त्याचं उत्तर नाही.

आईला सगळं सांगावं लागलं. तिने अंगावरचं पांघरूण बाजूला सारलं. मग म्हणाली, “म्हणजे मी त्या पोरीच्या खाटेवर निजले होते.” मी म्हटलं, तसं नाही ग, ते इस्पितळ वेगळं. ती म्हणाली, “मला कळतं मी काय म्हणतेय ते.” तेव्हापासून औषध हातात दिलं तर घेते, स्वतःहून मागत नाही.

ताई

२ सप्टेंबर

ती. ताई,

निकाल तुझ्यासमोरच लागला, तरी माझ्या हाताने लिहितो. खुनाच्या प्रकरणातून मी सुटलो, खोटं लिहून दिलं म्हणून आत राहिलो. शिक्षा योग्य आहे. मालकांच्या मुलाला आणलं आणि जामिनावर सोडलं. त्याच्या वकिलाचं बोलणं ऐकून तर मलाच क्षणभर वाटलं की चाकू आपोआप चालला असावा. कॅमेरावाला शेवटच्या दिवशी आला नसता तर डॉक्टरांच्या शब्दावर सगळं टेकलेलं राहिलं असतं.

सिनेमा लागला म्हणे. वर्तमानपत्रांत एवढं छापून आल्यावर जाहिरातीची गरज उरली नाही. इथले कैदी मला ‘मुखवटा’ म्हणून हाक मारतात. एकाने विचारलं, आत गरम होतं का रे? मी सांगितलं, होतं.

माझं एक काम कर. टकटकच्या आईकडे जा. निकाल तिने ऐकला असेल, पण निकाल म्हणजे कागद. तू तोंडाने सांग की तो मी नव्हतो. आणि हेही सांग की मी खरं सांगू शकत होतो, ती जिवंत असताना, तिच्या खाटेपाशी उभा राहून, आणि सांगितलं नाही. दोन्ही सांग. पहिलं एकटं सांगू नकोस.

छोट्या

२० सप्टेंबर

चि. छोट्या,

टकटकच्या आईकडे गेले होते. दोन खोल्या आहेत. त्या शर्टांच्या कॉलरी शिवून देतात. मी नाव सांगितलं तेव्हा त्यांनी शिवणयंत्र थांबवलं नाही, पायाने बसायचा मोडा माझ्याकडे सरकवला.

तू सांगितलेलं दोन्ही सांगितलं. वर माझंही सांगितलं, की तुला गप्प बसवलं ते मी. त्यांनी हातातली कॉलर पुरी केली, दोरा तोडला. मग म्हणाल्या, “बाई, मला आता कळून काय होणार? कळायला तिला हवं होतं.” मग त्यांनी सांगितलं ते तुला लिहू की नको, हे मी आठवडाभर ठरवत होते. तू दोन्ही सांग म्हणालास, म्हणून तुलाही सगळं सांगते. भान होतं तोवर ती आईला खाटेच्या आणि दाराच्या मध्ये बसायला लावायची. तो परत आला तर, म्हणायची. आणि एकदा म्हणाली, “आई, पण बसपर्यंत सोडायला यायचा ग तो. मग असं का केलं असेल?” तिला भीतीपेक्षा ते जास्त सतावत होतं, असं त्या म्हणाल्या.

मी उठले तर त्यांनी विचारलं, वेळ आहे का तुला? चौकातल्या चित्रपटगृहात तो सिनेमा लागला होता. रोज तिथून जावं लागतं, म्हणाल्या, एकटीने आत जायचं धाडस होत नाही. मी नको म्हणाले. त्या चप्पल घालून दारात उभ्या राहिल्या.

दुपारचा खेळ. निम्मी माणसं, बहुतेक पोरसवदा. मुखवटेवाला लंगडत आला की शिट्ट्या. तो तू होतास, मला चालीवरून कळलं. मग ते दार आलं. दारातून पातं बाहेर आलं आणि दार ढकलून जो आत आला तो तू नव्हतास. तो लंगडत नव्हता. त्याला घाई होती.

मी त्यांचा हात धरला होता. शब्द काढून टाकलेत, त्या जागी बाजा घातलाय. तिचे ओठ हलतात, आवाज बाज्याचा येतो. पण पुढचं ओरडणं तसंच ठेवलंय. पोरं हसायला लागली, एकाने तिची नक्कल केली.

त्या उठून उभ्या राहिल्या. मोठ्याने नाही, घरात बोलावं तशा बोलल्या. “ती माझी मुलगी आहे. ती खरंच ओरडतेय.” आमच्या पुढच्या रांगेतली दोन पोरं वळून बघायला लागली, त्यांचं हसू तसंच ओठांवर राहिलं. टकटकच्या आईने पुन्हा तेच म्हटलं. मग मीही उभी राहिले, काय करावं ते कळेना म्हणून, त्या एकट्या दिसू नयेत म्हणून. पडद्यावर दुसरा वार झाला. मागून कुणीतरी, रागाने नाही, चांगल्या शब्दांतच म्हणालं,

“बसा हो मावशी, दिसत नाही.”

आम्ही बसलो नाही.

ताई